प्रेमलाबाईंची एकच जाड रेघ

मी जमना, दांडी गावची. बोईसरला नवापूर रस्त्यावर हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचं सेंटर आहे. दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींना कंपनीत टिकण्याजोगं करायचं, हे त्या सेंटरचं काम. मी तिथली शिपाई. हजेरी घेते, चहा करते, कुणी पंखा चालू ठेवून गेलं की शिव्या घालते. चौदा वर्षं तिथं राहून माझी बोली शाळेतली झालीय, पण डोकं फिरलं की दांडी बाहेर येते. आली तर येऊ दे.

तर प्रेमलाबाई. शुक्रवारचा दुपारचा तास त्यांचा. मुंबईच्या संस्थेनं जे पुस्तक पाठवलं होतं, त्यात त्या धड्याचं नाव होतं ‘कामाच्या ठिकाणचं सामाजिक भांडवल’. बाईंनी पहिल्याच दिवशी ते पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे दिलं. मी त्यावर चहाचं पातेलं ठेवायची. पोरांना त्या म्हणाल्या, “याला आपण ओळख म्हणतो. कागद काढा. मधोमध स्वतःचं नाव लिहा. भोवती ओळखीच्या माणसांची. जो तुमच्यासाठी शब्द टाकेल त्याला जाड रेघ जोडा. जो नुसता ‘काय, बरं ना?’ म्हणेल त्याला तुटक.”

दर्पण नावाचा एक चुरचुरीत पोरगा होता यंदाच्या बॅचला. तो म्हणाला, “बाई, माझे इन्स्टावर नऊशे फॉलोअर आहेत. कागद पुरायचा नाही.”

“नऊशेतलं कोण तुझ्यासाठी उद्या सकाळी आठ वाजता कंपनीच्या गेटवर येऊन उभं राहील?” बाईंनी विचारलं.

दर्पण डोकं खाजवायला लागला. “त्याला जाड रेघ,” बाई म्हणाल्या. “बाकी सगळे तुटक.”

त्यांचा स्वतःचा कागदही होता. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, पोरांना दाखवायला. एकदा मी खडू काढताना नीट वाचला आणि माझं टाळकंच सटकलं. मधे प्रेमला. एक जाड रेघ, तिच्या टोकाला मेहुल. मग तीन तुटक रेघा: एडवणचा भाऊ सुजीत, घरमालकीण, आणि जमना. मी तुटक! सहा वर्षं या बाईला साखर कमी, आलं जास्त घालून चहा हातात देतेय, आणि मी तुटक? मी तशीच कप आपटून विचारलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “जमना, तू माझ्या घरी आलीयस का गं कधी?”

मी आपटलेला कप उचलून पदरानं पुसायला लागले. कारण त्या दर दिवाळीला बोलवायच्या आणि मी दर दिवाळीला “बघते हां” म्हणायचे. माझ्या घरात दोन सुना, जाऊ, तिची नातवंडं, वर शेजारणी. सकाळी अंगणात बोंबील वाळत घालते तर चार हात मदतीला आणि आठ तोंडं बडबडीला. एकटीनं जेवायचं म्हटलं तर मला दाराला कडी लावावी लागेल. मला कुठून कळणार हो, बाईंच्या घरी कुणी येत नाही म्हणजे काय ते.

बाई एडवणच्या. रामा तांडेलाची थोरली लेक. एकोणिसाव्या वर्षी तारापूरला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागल्या. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात, खोकी पेटीत. चोवीस वर्षं उभ्यानं. गावात कुणाची हळद असली की बाईंची ड्युटी, कुणाचं बारसं असलं की ओव्हरटाइम. पहिली काही वर्षं गाव म्हणालं, “बिचारी, कामावर हाय.” मग म्हणालं, “मोठी झाली, आता कशाला येते?” त्यानंतर काही म्हणालंच नाही, पत्रिका यायची बंद झाली. लग्नाचं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “विचारणारे आले तेव्हा माझी सेकंड शिफ्ट होती.” आणि स्वतःच हसल्या. मला नाही हसू आलं.

मग ती कंपनी बंद पडली, आणि बाई आमच्या सेंटरात शिकवायला लागल्या. पॅकिंगच्या एकशे चाळीस बायका जिकडं वाट मिळेल तिकडं गेल्या. सगळ्यांचे नंबर बाईंच्या फोनमध्ये होते. वर्षभर सकाळी फुलांचे फोटो आले, मग तेही थांबले. आता बाईंना फोन यायचा तो विम्यावाल्या पोरीचा. आपण कसे, ‘नको’ म्हणून कापतो? बाई तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, “जेवलीस का बाळा?” मी हे कानांनी ऐकलंय. जीव तुटला माझा, आणि मी काय केलं, तर टिंगल केली. “काय बाई, विमा घेताय की पोरगी?”

मेहुल तेवढा राहिला होता. तो कंपनीत ट्रेनी म्हणून आला तेव्हा मिसरूडही नव्हतं. एकदा त्यानं अख्ख्या पाळीचा माल भलत्याच खोक्यांत भरायला लावला. नोकरी जायची त्याची. बाईंनी चार बायका थांबवून, सकाळ होईपर्यंत सगळी खोकी उघडून परत भरली आणि सुपरवायझरला काही कळू दिलं नाही. आज तो एका मोठ्या कंपनीत माणसं भरायच्या खात्यात साहेब आहे. दर जुलैला तो बाईंच्या शब्दावर आमच्या सेंटरचं एक मूल घ्यायचा. एकच. “प्रेमलाताई म्हणाल्या म्हणजे झालं,” एवढंच म्हणायचा. सहा वर्षांत सहा मुलं लागली. बाईंकडे जगात देण्यासारखं एवढंच होतं, वर्षाला एक शब्द. जून आला की त्या तो शब्द कुणासाठी टाकायचा याचा विचार करत खिडकीशी बसायच्या. तेवढा एक महिना त्यांचा चेहरा उजळलेला असायचा.

यंदा त्यांनी तानीचं नाव घेतलं. तानी वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली. बाप नवशा, पावसावर पिकणारं जरासं भातशेत. पोरगी हुशार, हाताला चलाख, बोलायला मुखदुर्बळ. ओळखीच्या कागदावर हिनं किती नावं लिहावीत? बत्तीस. बत्तीसही जाड रेघा! बाई चष्मा सारून बघत राहिल्या.

“ही कोण सगळी?”

“पाड्यातली.”

“यातलं कुणी कंपनीत आहे?”

“नाय.”

“शिक्षक? तलाठी? वॉचमन तरी?”

“नाय, बाई.”

बाईंनी लाल पेन काढलं आणि बत्तीसही नावांवरून एक तिरपी रेघ ओढली. “तानी, ही माणसं चांगलीच असतील. पण कामाच्या ठिकाणी ही उपयोगाची नाहीत. तिथं वरची ओळख लागते.”  तानीनं कागदाची घडी घालून वहीत ठेवली. मी दारातच होते. मला ते बरं नाही वाटलं, पण मी शिपाई.

मग बाईंनी फळ्यावर शेवटचा नियम लिहिला. दर वर्षी लिहायच्या. ‘कुणी आपल्यासाठी केलं, की आपण त्याच्यासाठी करायचं, आणि वेळेवर करायचं.’ म्हणाल्या, “हे मी केलं नाही, म्हणून सांगतेय. उशीर झाला की माणूस वाट बघायचं सोडतो.” तानीनं ते अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. त्याच तासाला बाईंनी, नेहमीसारखा, घरचा पत्ताही फळ्यावर लिहिला. “कधीही या,” म्हणाल्या. सहा वर्षांत कुणी गेलं नव्हतं.

एक जुलैला तानी कामावर रुजू झाली. दोन आठवडे होत नाहीत तोच मेहुलचा फोन आला. मी चहा गाळत होते, आवाज मला टेबलापलीकडून ऐकू येत होता.

“ताई, तुमची पोरगी चार दिवस गायब आहे. फोन लागत नाही. आणि वर रोज सकाळी आठला एक बाई गेटवर येऊन उभी राहते. म्हणते, मी तानीच्या बदली आलेय, मला आत घ्या! हाकललं तरी जात नाही. पाचपर्यंत उभी राहते आणि मग जाते. सगळं गेट हसतंय. वरच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, ही कुठली भरती केलीत म्हणून.”

बाई एवढ्याशा झाल्या. “मी बघते, मेहुल. मी आत्ता बघते.”

मी म्हटलं, मी येते. एकट्या कुठं धडपडणार त्या डोंगरात? वाणगावला उतरून इको गाडीत बसलो, मग चिखलातून अर्धा तास चालत. पाड्यात एक म्हातारी सोडून कुणी नाही. तिनं हात केला तिकडं गेलो, तर खाचरात बायकांची रांग, गुडघाभर चिखल, आणि रांगेच्या मधे आमची तानी. आवणी, म्हणजे भाताची लावणी चालली होती. बाईंना बघून ती हरखली. “बाई, तुमी! आमच्याकडं!” हातातली भाताची रोपं तशीच धरून ती बांधावर धावत आली.

“कामावर का नाही गेलीस?” बाईंनी विचारलं.

“सावड फेडाया आली ना,” तानी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

मग तिनं सांगितलं. मागच्या वर्षी ऐन आवणीत तिच्या बापाला साप चावला. आई त्याच्याबरोबर इस्पितळात, तानी आमच्या सेंटरात. शेत तसंच पडलं असतं. पाड्यातल्या बत्तीस घरांतून एकेक माणूस आलं आणि एका दिवसात अख्खं शेत लावून गेलं. सावड अशीच चालते. तू माझ्या शेतात एक दिवस, मी तुझ्या शेतात एक दिवस, त्यात मजुरी नाही. यंदा तानीच्या घरानं बत्तीस घरी हात द्यायचा होता.

“तुमीच शिकवलं ना, बाई. वेळेवर करायचं. बाप अजून लंगडतो, आई एकली किती करील?”

“अगं पण कंपनीत कुणाला सांगितलंस?”

“सांगलं ना. गेटावरच्या वॉचमनला. आन् जागा रिकामी नाय सोडली मी. नवसी आतेला पाठवली. यंदा तिची कंबर धरते, आवणीला वाकता नाय येत. पण उभी राहते दिवसभर. पॅकिंगला उभंच तर राहायचं असतं.”

शेतात असंच तर असतं. तुला जमत नाही तर घरातला दुसरा हात पाठव, म्हणजे दिवस बुडत नाही. पोरीनं एकही नियम मोडला नव्हता. बाईंनी शिकवलेला तर नाहीच नाही. पण कंपनीला काय डोंबल कळणार हे! तिकडं माणसाच्या बदली माणूस चालत नाही, कार्डावरचा फोटो लागतो.

बाई बांधावर छत्री धरून उभ्या. रांगेतल्या बायका वाकलेल्या, कुणी गाणं म्हणतेय, कुणी कुणाला चिखल मारतेय. बाई एकेकीकडे बघत होत्या. ओठ हलत होते, त्या मोजत होत्या बहुतेक. मग म्हणाल्या, “चल जमना.”

दुसऱ्या दिवशी त्या सेंटरात आल्या नाहीत. दुपारी मला राहवेना. रिक्षा केली आणि मेहुलच्या कंपनीच्या गेटवर गेले. पाऊस धो धो. गेटाच्या उजव्या बाजूला एका छत्रीखाली दोन बायका. एक प्रेमलाबाई. दुसरी काळीसावळी, उंच, कमरेला फडकं आवळलेली, हातात तानीचा डबा. ती नवसी. सकाळी आठपासून दोघी उभ्या होत्या. मेहुलसाहेबांचा एकच निरोप, मीटिंगमध्ये आहेत.

चार वाजता तो बाहेर आला. वाईट माणूस नाही तो, उगाच कशाला बोलू. त्याचाही चेहरा पडला होता. म्हणाला, “ताई, कशाला आलात पावसात?”

“तिला परत घे, मेहुल. चूक माझी आहे. मी तिला अर्धंच शिकवलं.”

“नाही जमणार. माझी इथं चेष्टा झालीय, ताई. माझ्याही डोक्यावर माणसं आहेत.” मग खाली बघत म्हणाला, “तुमचं माझ्यावर होतं. मी सहा मुलं घेतली. ते फिटलं असं समजा. पुढच्या वर्षी फोन नका करू.”

“अरे, फेडायला सांगितलं होतं का मी?” बाई म्हणाल्या. तोवर तो वळला होता. शिरा ताणून ओरडावंसं वाटलं मला, “अरे ए दाद्या, तुझ्यासाठी हिनं रात्र जागवली व्हती!” पण बाईंनी माझा हात धरला. नवसी मात्र जागची हलली नाही. पाच वाजेपर्यंत उभी राहिली. दिवस पुरा व्हायला पाहिजे, म्हणाली. मग बाईही थांबल्या. मग मीही.

पुढं दोन दिवस बाई आल्या नाहीत. फोन उचलेनात. मी कपाट उघडलं तर तो कागद काढून नेलेला, दाराला नुसती चिकटपट्टी. रविवारी सकाळी पिशवीत सुके बोंबील घेतले आणि खैरापाड्यात त्यांची चाळ शोधत निघाले. सहा वर्षांनी, हो. लाज वाटायला पाहिजे मला, वाटलीच.

दार उघडं होतं. एकच खोली. आवरलेली. इतकी आवरलेली की तिथं कुणी राहतंय असं वाटू नये. खाटेवर घडी घातलेली चादर, ओट्यावर एक पातेलं, एक कप, एक ताटली. बाई खाटेच्या कडेला बसलेल्या, विस्कटलेल्या केसांनी. आणि समोर, भिंतीला लागून, तानी आणि नवसी उभ्या. फळ्यावरचा पत्ता तानीच्या वहीत होता ना.

“बघ ना जमना,” बाई मला म्हणाल्या. जशी मी रोज येते. “या बसतच नाहीत.”

“बसाया नाय आलो,” नवसी म्हणाली. “बाई, तुमी माझ्यासंगती गेटावर दिवसभर उभ्या रायल्या. आमच्या पोरीसाठी. तो एक दिवस आमच्यावर हाय. फेडाया आलोय. काम सांगा.”

“अगं, कसलं काम?”

“काय बी. सारवायचं, दळायचं, पाणी भरायचं, लाकडं फोडायची.”

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. फरशी पुसलेली. पाणी नळाला. गॅस. एकटीचे दोन कपडे दोरीवर वाळलेले. त्या उठल्या, एक डबा उघडून पाहिला, लावला. दुसरा उघडला. खिडकीचं दार ओढून बघितलं, तेही धड होतं. शोधत होत्या हो त्या! कुणाला तरी सांगता येईल असं काहीतरी काम आपल्या घरात शोधत होत्या. आणि नव्हतं.

“माझ्याकडे काहीच काम नाही गं,” बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. मोठ्यानं, मुलासारखं. मला कळेना काय करावं. मी नुसती बोंबलांची पिशवी छातीशी धरून उभी.

तानी घाबरली. “बाई, माझ्या कामाचं मनाला लावून घेऊ नका. मला मिळालं काम. वाणगावला मिरचीच्या वखारीत, भरायचं. आतेनं सांगलं तिथं माझ्यासाठी.” त्या बत्तिसांतली एक होती नवसी. लाल रेघेखालची. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नवसीकडे बराच वेळ बघितलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “नुसत्या बसा माझ्याजवळ. तोच दिवस फेडल्याचा धरा.”

नवसीनं मान हलवली. “बसायचा दिस धरीत नाय.”

“मग जेवा. मी भात टाकते. जेवून जा.”

“ते तर उलटं होईल, बाई.” नवसी गंभीरपणे म्हणाली. तिच्या दृष्टीनं हा खरोखरच घोटाळा होता. “तुमचं खाल्लं तर आमच्यावर आणखी चढंल. मग परत यावं लागंल आमाला.”

बाई ओट्याशी गेल्या होत्या. तांदळाच्या डब्याचं झाकण त्यांच्या हातात होतं. त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, तानीकडे बघितलं. मग डब्यात हात घालून त्यांनी एक ओंजळ तांदूळ ताटलीत काढला, दुसरी काढली, तिसरी, चौथी.

“मग चढू दे,” त्या म्हणाल्या.